रंकाळ्यावरची दहा मिनिटं चोरीची का वाटतात?

आमच्या गल्लीतल्या एक वहिनी रोज पहाटे साडेपाचला कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर येतात. टॉवरपासून निघायचं, संध्यामठ नीट दिसेपर्यंत चालायचं आणि मागं फिरायचं. हातात फोन, आवाज मोठा. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू गेली. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. म्हणून फोनमध्ये दर दोन तासांचा गजर लावलेला. सव्वासहाचा गजर वाजायच्या आत वहिनी उंबऱ्यात असतात.

मध्ये एक दिवस त्या कट्ट्यावर टेकल्या. "मी आज जरा बसतो गं," म्हणाल्या. (कोल्हापूरच्या बायका 'बसतो, येतो, जातो' असंच बोलतात. बाहेरच्यांना गंमत वाटते, आम्हाला त्यात विशेष काही वाटत नाही.) नवरा घरी होता, दहावीतली मुलगी अभ्यासाला उठलेली होती. दहा मिनिटं पाण्याकडं बघत बसल्या. उठताना पदर झटकला आणि म्हणाल्या, "चोरी केल्यासारखं वाटलं बघ."

मला ते वाक्य दिवसभर सोडेना. वेळ त्यांचा, पाय त्यांचे, रंकाळा सगळ्यांचा. मग चोरी कुणाची?

मी कॉलेजात नीतिशास्त्र शिकवते. स्वतःचं सुख आणि इतरांची जबाबदारी यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न पेपरात अधूनमधून येतो आणि बहुतेक पोरं उत्तर एकाच वाक्यानं संपवतात: 'म्हणून दोन्हींचा सुवर्णमध्य साधावा.' त्या वाक्याला मी मार्क देत नाही. ते चूक आहे म्हणून नव्हे, त्यात काही सांगितलेलंच नसतं म्हणून. मध्य म्हणजे नेमका कुठं? चोवीस तासांतले बारा माझे आणि बारा सासूबाईंचे?

गंमत अशी की मध्याची ही कल्पना ज्याच्या नावावर खपवली जाते, त्या ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलनं हा घोटाळा होणार हे आधीच ओळखलं होतं. त्यानं दिलेलं उदाहरण तर थेट आपल्या गावचं वाटावं असं आहे, पैलवानाचं. तो म्हणतो, दहा मापं खाणं फार झालं आणि दोन मापं कमी पडली, म्हणून वस्ताद सरसकट सगळ्यांना सहा मापं वाढत नाही. मिलो नावाच्या नामांकित मल्लाला सहा मापं म्हणजे दातात अडकण्यापुरती, आणि नुकत्याच आलेल्या पोराला तीच जड. गंगावेशीच्या किंवा मोतीबागेच्या तालमीत उभं राहून कुणाही वस्तादाला विचारा, हेच सांगेल. खुराक पोराच्या अंगावर ठरतो, त्याच्या मेहनतीवर ठरतो, सध्या कुठल्या मैदानाची तयारी चालू आहे त्यावर ठरतो. मध्य आकड्यांचा नसतो, माणसाचा असतो. तेव्हा 'जबाबदारी किती घ्यावी' याचं एक उत्तर सगळ्यांना लागू पडणार नाही, आणि तसं उत्तर देणाऱ्यापासून जरा जपूनच राहावं.

तालमीत आलोच आहोत तर 'सुख' या शब्दाकडंही तिथूनच बघू. पहाटेची वेळ. हौद्यात लाल माती, त्यात ताक, तेल, हळद, लिंबू कालवलेलं. तो वास एकदा नाकात बसला की जात नाही. कान मोडलेला एक पोरगा बैठका मारतोय. पाचशेव्या बैठकीला त्याला जाऊन विचारा, 'बाळ, सुखात आहेस का?' शिवी खाल. पण 'हे सोड, घरी जाऊन झोप' म्हणा, तरी तो सोडणार नाही. ग्रीक लोक याला युडायमोनिया म्हणायचे. साध्या मराठीत, आपल्या अंगात जे आहे ते पुरतं फुलून येईल असं जगणं. गार उसाचा रस पिताना मिळतं ते एक सुख, आणि हे दुसरं. आपल्याकडं त्याला 'समाधान' हा चांगला शब्द आहेच.

आता हे दुसरं सुख एकदा मोजणीत घेतलं की आपल्या डोक्यातलं तराजूचं चित्र डळमळतं. एका पारड्यात माझं सुख, दुसऱ्यात घरच्यांची जबाबदारी, एक वर गेलं की दुसरं खाली. खरंच असं असतं? चार महिने अडखळल्यावर सासूबाईंनी नातीचं नाव पहिल्यांदा स्पष्ट उच्चारलं, त्या दिवशी वहिनी रंकाळ्यावर भेटेल त्याला ते सांगत सुटल्या होत्या. भेळवाल्यालासुद्धा. तो आनंद कुठल्या पारड्यात टाकायचा? जबाबदारीच्या पोटातही सुख असतं. फक्त ते सगळ्याच जबाबदारीच्या पोटात नसतं, आणि कधी असतं, कधी नसतं हे कळून घेणं हाच या विषयाचा खरा गाभा आहे. त्याकडं येतेच. आधी एका कडक गृहस्थांना भेटून येऊ.

पीटर सिंगर हे ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ. पूर्व बंगालमधून १९७१ साली लाखो निर्वासित भारतात आले, अन्न नाही, निवारा नाही. त्या पार्श्वभूमीवर लिहिलेला त्यांचा एक निबंध १९७२ साली प्रसिद्ध झाला. त्यातला दाखला असा: तुम्ही उथळ तळ्याच्या काठानं चालला आहात आणि एक लहान मूल बुडताना दिसलं. आत उतरलं तर कपडे चिखलात जातील. उतराल की नाही? उतरालच. मग सिंगर पुढं नेतात: जे मूल डोळ्यांसमोर नाही, दूर कुठं तरी उपाशी आहे, त्याच्या बाबतीत अंतरानं काय फरक पडतो? जवळजवळ तेवढंच गमावून तुम्ही त्यालाही वाचवू शकता. तेव्हा द्या, आणि देत राहा. आणखी दिलं तर तुमचंच तितकं नुकसान होईल, तिथपर्यंत.

हा युक्तिवाद वाटतो तितका सहज खोडता येत नाही. मी दरवर्षी वर्गात तो मांडते आणि दरवर्षी पोरं गप्प होतात. पण माझं एक म्हणणं आहे. त्या दाखल्यातलं मूल एकदा बुडतं. तुम्ही उतरता, काढता, ओले कपडे बदलता, लोक पाठ थोपटतात. घरातल्या आजारपणाला असा काठ नसतो. उद्या सव्वासहाला तेच तळं, तेच बुडणं, आणि परवाही. एका उडीचा नियम रोजच्या उडीला लावला की माणूस स्वतःच बुडायला येतो.

दुसरीकडं, सर्वांच्या सुखाचा विचार करा म्हणणारे इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल. त्यांना लोक फार वेळा अर्धेच वाचतात. १८६१ साली त्यांनी मांडलेला मुद्दा असा: स्वतःचं सुख आणि दुसऱ्याचं सुख यांत निवाडा करताना माणसानं त्रयस्थासारखं वागावं, कुणाकडंही न झुकता. आपण यातून काय घेतो? स्वतःला झुकतं माप देऊ नका. पण त्रयस्थ तर स्वतःला कमी मापही देणार नाही! त्याच्या हिशेबात सासूबाई एक, नवरा एक, मुलगी एक आणि वहिनीही एक. शून्य नव्हे.

वर्गात याचा मी एक साधा प्रयोग करून घेते. तुमचीच परिस्थिती तुमच्या मैत्रिणीची आहे असं समजा. तिनं तुम्हाला विचारलं, 'मी दहा मिनिटं बसू का?' काय सांगाल? 'बस की गं, त्यात काय!' हेच ना? मग स्वतःला सांगताना आवाज का बदलतो? तिथं त्रयस्थपणा सुटलेला असतो, फक्त उलट्या बाजूला.

जर्मन तत्त्वज्ञ कांट या सगळ्यांत कर्तव्यकठोर. कर्तव्य म्हणजे कर्तव्य, मनाला भावो न भावो. तरी १७८५ साली हाच माणूस लिहितो की स्वतःचं सुख सांभाळणं हेही, निदान आडवळणानं, कर्तव्यच आहे. कारण चिंतांनी पिचलेला, स्वतःच्या स्थितीवर वैतागलेला माणूस कर्तव्य मोडायच्या मोहात लवकर पडतो. हे वाक्य मी कित्येक वर्षं नुसतं शिकवलं. ते पटलं एका दुधाच्या पेल्यानं.

माझे वडील शेवटची तीन वर्षं विसरत गेले. आधी चाव्या, मग रस्ते, मग माणसं. भाऊ पुण्याला, मी इथं, म्हणून सगळं माझ्याकडं. मी 'नाही' कधी म्हणाले नाही, आणि 'ये' असंही भावाला कधी म्हणाले नाही. त्याचा मला जरा अभिमानच होता. एका रात्री बाबांनी दुधाचा पेला पांघरुणावर ओतला. आठवड्यातली ती तिसरी चादर होती. मी त्यांच्यावर ओरडले. साधं नाही, गल्लीत ऐकू जाईल असं. ते दचकले, भिंतीकडं सरकले आणि ओल्या चादरीची घडी घालायला लागले. ओलीच, नीट, कोपऱ्याला कोपरा जुळवून. मी कोण हे त्यांना त्या क्षणी माहीत नव्हतं. आपण काही तरी चुकलोय एवढंच कळलं होतं.

मी वाईट मुलगी होते म्हणून ते घडलं नाही, असं मला आज वाटतं. अकरा दिवस धड झोप नव्हती म्हणून घडलं. कर्तव्य करण्यासाठी मी जे जे सोडलं होतं, त्यातूनच ते कर्तव्य मोडलं गेलं.

आणि हे एकट्या माझं नाही. अमेरिकेत १९९९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ६६ ते ९६ वयाचे लोक, त्यांतले काही आजारी जोडीदाराची शुश्रूषा करणारे. चार वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. शुश्रूषा करणाऱ्यांपैकी ज्यांना त्याचा ताण जाणवत होता, त्यांचा त्या काळातला मृत्यूचा धोका शुश्रूषा न करणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त निघाला. ज्यांना ताण नव्हता, त्यांच्यात असा ठळक फरक दिसला नाही. माणसाला सेवा मारत नाही. न झेपणारी सेवा मारते. ते झेपतंय का हे तपासायला तज्ज्ञ २२ प्रश्नांची एक यादी वापरतात. अमेरिकेतल्या स्टीव्हन झारिट यांच्या नावानं ती ओळखली जाते. स्वतःला वेळ उरत नाही असं वाटतं का, जवळ असताना राग येतो का, तुमची तब्येत यात खालावली का, अशा धाटणीचे प्रश्न. त्यांत 'तुम्ही चांगली सून आहात का?' असा प्रश्न नाही. तो आपण घालतो.

आता त्या गाभ्याकडं. जबाबदारीच्या पोटात सुख कधी असतं?

२००८ साली कॅनडात झालेला एक छोटा प्रयोग आहे. लोकांना सकाळी पाच किंवा वीस डॉलर दिले. काहींना सांगितलं, संध्याकाळी पाचपर्यंत स्वतःवर खर्च करा. काहींना सांगितलं, दुसऱ्यासाठी काही घ्या किंवा दान करा. संध्याकाळी दुसऱ्यांवर खर्च करणारे जास्त खुशीत होते, आणि रक्कम पाच होती की वीस, यानं फरक पडला नाही. यावरून 'द्या म्हणजे सुखी व्हाल' असा फलक रंगवायला लोक लगेच धावतात. थांबा. २०१० मध्ये वाइनस्टीन आणि रायन या संशोधकांनी पुढचा प्रश्न विचारला: मदत स्वतःहून केली की दबावाखाली? स्वतःच्या मनानं केलेल्या मदतीनं करणाऱ्याला बरं वाटलं. 'करावंच लागतं', 'लोक काय म्हणतील' म्हणून केलेल्या मदतीनं नाही. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे: मनापासूनची मदत ज्याला मिळाली, त्यालाही ती जास्त लाभली. म्हणजे अंथरुणावरच्या माणसालाही कळतं, हात कुठल्या मनानं लागतोय ते.

ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवा. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, शहर तुटलेलं. त्या दिवसांत आमच्या गल्लीतली कधी कुणाला 'या' न म्हणणारी माणसं चपात्या लाटत होती, तालमीतली पोरं छातीभर पाण्यात म्हाताऱ्यांना खांद्यावर आणत होती. कुणीही 'माझ्या सुखाचं काय?' विचारलं नाही, आणि आजही त्या दिवसांबद्दल बोलताना लोकांचे डोळे चमकतात. मग तीच माणसं घरातल्या एका आजाऱ्यापुढं का हतबल होतात? पूरही मोठा होता, पण तो सगळ्यांवर होता, तो सगळ्यांना दिसत होता, जो तो आपणहून उतरला होता, आणि पाणी ओसरणार हे माहीत होतं. घरातली शुश्रूषा यातल्या प्रत्येक बाबतीत उलटी. एकावर, दाराआड, न विचारता आलेली, आणि कधी ओसरेल ते कुणी सांगत नाही.

पुराकडून आणखी एक गोष्ट शिकता येते. जुलै आला की सगळं कोल्हापूर एकच आकडा विचारतं: पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर किती फूट? ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी. नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीच्या माणसांना आता अनुभवानं कळलंय की जनावरं इशाऱ्यालाच हलवायची. धोक्याची वाट बघत बसलं तर ट्रॅक्टरही निघत नाही.

माणसाला अशी पट्टी रंगवलेली नसते. पण आपापली इशारा पातळी ओळखता येते. माझी अशी: दूधवाल्याशी भांडण. ते झालं की समजायचं, ३९ झालं. कुणाला झोप लागत नाही, कुणाला सगळ्यांच्या हसण्याचा राग येतो, कुणी जेवण उभ्यानं उरकायला लागतं. वहिनींचं म्हणाल तर त्या गाणं गुणगुणायच्या थांबतात. ही लक्षणं दिसली की मदत मागायची, धोक्याला नव्हे. आणि घरात बोलायला कुणीच नसेल, तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलतात, पैसे पडत नाहीत.

मदत मागायची म्हणजे काय, इथं मात्र बहुतेक लेख 'घरात मोकळा संवाद साधा' म्हणून मोकळे होतात. मी संवाद साधला नाही. मी वही केली. पेल्याच्या प्रसंगानंतर एक आठवडा बाबांसाठी जे जे करत होते, ते ते शंभर पानी वहीत लिहून काढलं. आंघोळ, गोळ्या, नखं, दाराची कडी दोनदा तपासणं, 'आई कुठं गेली?' या प्रश्नाला उत्तर देणं (रोज, आई जाऊन नऊ वर्षं झाली होती). सात दिवसांत १४० च्या वर नोंदी झाल्या. पानांचे फोटो भावाला पाठवले. वर एक शब्द लिहिला नाही. त्याचा रात्री फोन आला. "ताई, एवढं असतं?" त्याला खरंच माहीत नव्हतं. मी तरी कधी सांगितलं होतं?

मग वाटणी झाली. महिन्यातले दोन शनिवार-रविवार तो येणार, रात्रीच्या मावशींचा पगार तो देणार. हे काही छान जमलं वगैरे नाही. तो उशिरा यायचा, गोळ्यांच्या वेळा चुकवायचा, चहात साखर दुप्पट घालायचा. मला त्याच्यामागं दुरुस्त्या करत फिरावंसं वाटायचं. पण वाटून दिलेलं काम दुसरा त्याच्या पद्धतीनंच करणार, हे गिळावं लागतं. ज्या बाईला मदत हवी असते, पण आपल्यासारखीच हवी असते, तिला मदत मिळत नाही. हे मी स्वतःबद्दलच बोलतेय.

वाटणीचं आपल्याकडं शास्त्र नाही असं नाही. गल्लीतल्या बायकांची भिशी बघा. बारा जणी, दरमहा हजार. जिची चिठ्ठी निघाली ती बारा हजार घेऊन जाते. तिला कुणी स्वार्थी म्हणतं का? उलट 'लागली का गं तुझी?' म्हणून चहा मागतात. कारण ती अकरा वेळा दुसऱ्यांसाठी भरते हे सगळ्यांना दिसत असतं. शेतावर पैरा असतो: आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू. पैरा फेडला नाही तर गावात बोलतात. दोन्हींत द्यायची पाळी असते तशी घ्यायचीही असते. घरातल्या सेवेची मात्र आपण अशी भिशी लावली आहे, जिच्यात एकीनंच दरमहा भरायचं आणि चिठ्ठी तिच्या नावाची टाकायचीच नाही.

'एकीनंच' हा शब्द उगाच वापरला नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनमोबदल्याचं घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यातला रोजचा वेळ सरासरी २९९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ९७. तेव्हा 'स्वतःचं सुख की जबाबदारी' हा पेच पुष्कळदा मनातला पेच नसतोच. तो वाटणीचा प्रश्न असतो, आणि तो अध्यात्मानं सोडवायला गेलं की बाईच्या वाट्याला आणखी एक काम येतं: शांत राहण्याचं.

'पण हे तर ऋण आहे,' असं इथं कुणी तरी म्हणणारच. जरूर आहे. परंपरेत तीन ऋणं सांगितली: देवऋण, ऋषिऋण, पितृऋण. पण फेड कशी सांगितली आहे तेही बघा. ऋषींचं ऋण अध्ययनानं फिटतं, देवांचं यज्ञानं, पितरांचं पुढची पिढी वाढवून. आईबापांची सेवा वेगळी सांगितलेलीच आहे, ती टाळा असं मी म्हणत नाही. पण ऋणाचा ओघ पुढच्या दिशेनं आहे आणि त्याला फेड आहे. आपण त्याचं सावकारी कर्ज केलं, मुद्दल किती ते न सांगता.

कायद्यानं मात्र मुद्दल सांगितलंय. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा २००७ चा. सांभाळत नसलेल्या सज्ञान मुला-मुलीकडून, नातवंडांकडूनही, निर्वाहखर्च मागता येतो. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडं. रकमेची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये. म्हणजे मुलगा पुण्याला गेला हा गुन्हा नाही. आईला वाऱ्यावर सोडलं, हा आहे. आणि गंमत ऐका: या कायद्यातल्या 'मुलं' या शब्दाच्या व्याख्येत मुलगा आहे, मुलगी आहे, नातू-नात आहे. सून नाही. मी हे वहिनींना सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की पुढं चालणारे दोघं वळून बघायला लागले. "म्हणजे मी फुकटची शिपाई की गं!"

त्या सोडून जाणार आहेत असं नाही. सासूबाईंवर त्यांचा जीव आहे. लग्न होऊन आल्या तेव्हा नोकरीला जाऊ द्यायला घरात एकट्या सासूबाईच उभ्या राहिल्या होत्या. पण 'मी करते' आणि 'मला करावं लागतं' यांतलं अंतर त्या दिवशी थोडं मोजलं गेलं.

दुसरी बाजूही सांगायलाच हवी, कारण हल्ली फोन उघडला की कुणी तरी 'आधी स्वतःवर प्रेम करा' म्हणत असतं. माझी हरकत 'आधी'ला आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ सूझन वुल्फ यांनी १९८२ साली दाखवून दिलं की चोवीस तास फक्त परोपकार करणारा माणूस आदर्श म्हणूनही फारसा हवासा वाटत नाही. ना छंद, ना चेष्टा, ना चवीनं जेवणं. पटतं मला. पण त्यातून 'मला वाटेल ते' निघत नाही. मी एकच गोष्ट विचारते: तुमच्या सुखाचं बिल कुणाकडं गेलं? तुम्ही मोकळे झालात तेव्हा ते ओझं जर 'नाही' म्हणू न शकणाऱ्या डोक्यावर सरकलं असेल, तर ओझं हललं, कमी झालं नाही.

वहिनींनी चोरी म्हटलं त्या सकाळचं पुढं कळलं ते असं. सव्वासहाचा गजर त्यांच्या हातातल्या फोनवर वाजला, तेव्हा घरी आजीची कूस कुणी बदलली? बीजगणिताचं पुस्तक उपडं ठेवून दहावीतल्या पोरीनं. नवरा शेजारच्या खोलीत जागा होता, पेपर वाचत. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, त्यानं विचारलं नव्हतं. म्हणजे चोरी झाली होती, फक्त वहिनींनी केली नव्हती.

मी त्यांना वहीबद्दल सांगितलं. त्यांनी वही केली नाही. "असलं लिहीत कोण बसतंय," म्हणाल्या. पण काही तरी केलं असणार, कारण परवा पुन्हा त्या कट्ट्यावर बसल्या होत्या, आणि सव्वासहाला गजर नाही, फोन वाजला. नवऱ्याचा. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता, जरा घाबरलेला. आईला वळवलंय, पण उशी पाठीला कुठली लावायची, मोठी का लांबडी?

"लांबडी. आणि गुडघ्यांच्या मधी छोटी. हां. हळू." फोन ठेवला, पिशवीत टाकला.

"चुकवणार बघ," म्हणाल्या. आणि बसून राहिल्या.